ट्रॅक्टरचं रेडिएटर गळतंय? मृगाआधीच बघा



नांगरणी-वखरणीचे दिवस म्हणजे आपल्या यवतमाळ जिल्ह्यात पारा ४४-४५ अंशांच्या घरात. अशा वेळी जुन्या ट्रॅक्टरचं रेडिएटर रोज तांब्याभर पाणी मागू लागलं, तर "चालतंय तोवर चालवू" म्हणू नका. पाणी घटलं की इंजिन तापतं, हेड वाकतं, पिस्टन धरतो. ऐन पेरणीत ट्रॅक्टर गॅरेजात आणि आपण दुसऱ्याच्या दारात, अशी गत होते.

आधी गळती नेमकी कुठे ते शोधा. इंजिन पार थंड झाल्यावर जाळीवरचा चिखल, मळणीचा भुसा धुऊन काढा. मग रबरी पाइप, त्यांच्या क्लिपा आणि पाण्याचा पंप तपासा. पुष्कळदा क्लिप ढिली असते नि बोल रेडिएटरला लागतो. जाळीवर हिरवट-पांढरा डाग असेल, तर पाणी तिथूनच झिरपतं. बाहेर थेंब नाही, तरी पाणी कमी होतं आणि ऑइलच्या पट्टीवर तेल दुधाळ दिसतं, तर ट्रॅक्टर सुरूच करू नका, मिस्त्रीला बोलवा.

तापलेल्या रेडिएटरचं झाकण मात्र कधीच उघडायचं नाही. आत दाब असल्यामुळे पाणी १०० अंशांच्या वर जाऊनही उकळत नाही. झाकण फिरवलं की दाब सुटतो आणि उकळतं पाणी सरळ तोंडावर येतं. तापल्या इंजिनात थंड पाणीही ओतू नका, हेडला तडा जातो.

हळद टाकली की गळती बुजते, असं ड्रायव्हर मंडळी सांगतात. शेतातून घरी येण्यापुरतं ठीक आहे. पण ती हळद नळ्यांत बसते, आणि तिथे विहिरीच्या जड पाण्याचा क्षार आधीच बसलेला असतो.

रेडिएटरवाला ते हवा भरून हौदात बुडवतो. बुडबुडे येतील तिथे भोक. जुनं तांब्या-पितळेचं असेल आणि एक-दोनच नळ्या गळत असतील, तर झाळून घ्या. बऱ्याच नळ्या गळत असल्या, पत्री कुजली असली, तर जाळीच बदला. नळ्या बंद करत गेलं की इंजिन थंड कसं राहील? ॲल्युमिनियमचं, प्लॅस्टिकच्या टाकीचं रेडिएटर असं झाळता येत नाही, हे लक्षात असू द्या.

बसवताना रबरी पाइप कडक झाले असतील तर तेही नवे घाला. खालच्या रबरी गाद्या विसरू नका. त्यांच्याविना धक्के बसून नवी जाळीही फुटते. शुद्ध पाण्यात मिसळलेलं कूलंट हळूहळू भरा, झाकण उघडं ठेवून थंड इंजिन सुरू करा, हवा निघून पातळी उतरली की पुन्हा भरा आणि झाकण लावा. दुसऱ्या दिवशी सकाळी पातळी बघा.

आणि काढलेलं जुनं कूलंट गोठ्याजवळ सांडू नका. ते चवीला गोड लागतं, जनावर चाटतं, आणि ते विषारी आहे. घट्ट झाकणाच्या डब्यात भरून, पोरांच्या हाताला लागणार नाही असं ठेवा आणि गॅरेजवाल्याकडे पोचवा.