वल्द, बिन आणि एक नुक्ता

माझं शिक्षण मराठीतून झालं आणि कविताही मी मराठीतच लिहितो. उर्दू वाचायला आजोबांनी घरी शिकवलं. गेवराईत त्या उर्दूचा कुणाला उपयोग होईल, असं कधी वाटलं नव्हतं.

2023 साली गोदावरीपलीकडे अंतरवाली सराटीला उपोषण झालं. पुढे न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली गेली आणि मराठवाड्यात निजामकाळातल्या कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला. मोडी आणि उर्दू वाचणाऱ्यांना एकदम भाव आला. अशाच एका संध्याकाळी शेजारचे तात्या जुन्या कागदाची झेरॉक्स घेऊन आले. म्हणाले, ‘‘भाई, एवढं वाचून सांगा. पोराच्या ॲडमिशनचा प्रश्न आहे.’’

कागदावर आडनाव नव्हतं. होतं ते ‘अमुक वल्द राणू’. वल्द म्हणजे मुलगा. मराठी कागदांत हेच काम ‘बिन’ करतो. दोन्ही शब्द अरबीतले, पण पाटलापासून शेखापर्यंत सगळ्यांची कुळं त्यांनीच जोडली. वेल्समध्येही अशीच रीत होती. तिथे ‘अप’ म्हणजे मुलगा. ‘अप हॉवेल’चं पुढे ‘पॉवेल’ झालं. आडनाव नसलं की दर पिढीला नाव बदलतं. मग एका कागदातला बाप दुसऱ्या कागदात मुलगा म्हणून सापडावा लागतो. वेल्सचे लोक तो चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वहीत शोधतात. आपण शोधतो 1954-55च्या खासरा पत्रकात, गावच्या जन्म-मृत्यूच्या नोंदीत, शाळेच्या प्रवेश-निर्गम वहीत, नाही तर त्र्यंबकेश्वरच्या उपाध्यायांच्या नामावळीत.

तात्यांच्या कागदावर कारकुनानं घाईत नुक्ते दिलेच नव्हते. उर्दूत ‘बापू’ आणि ‘बाबू’ यांत फरक असतो तो नुक्त्यांचाच. पुढचा जातीचा शब्दही तसाच. उर्दूत ‘ण’ नाही, म्हणून कुणबी ‘कुनबी’ असा लिहितात. पण नुक्ते नसले तर तो ओळखायचा कसा? तात्या माझ्या तोंडाकडे बघत होते. ‘हो’ म्हणणं सोपं होतं. मी म्हणालो, ‘‘तात्या, हा शब्द मला लागत नाही. मोघम सांगणार नाही.’’ ते काही बोलले नाहीत. कागदाची घडी करून निघून गेले.

दोन दिवसांनी मला त्यांच्या म्हाताऱ्या आत्याकडे घेऊन गेले. आत्या म्हणाल्या, ‘‘बाबूच हाय ते. माझा आजा.’’ आणि चार पिढ्यांची नावं घडाघडा सांगितली. नुक्ता सापडला. जातीच्या शब्दासाठी मात्र तात्या अजून दुसरा कागद शोधताहेत.

येताना मी आत्यांचं नाव विचारून घेतलं. वल्दच्या साखळीत मुलगी येत नाही. आली तर कुणाची तरी ‘जौजे’ म्हणून, बायको म्हणून. ज्यांना सगळ्यांची नावं पाठ, त्यांचंच नाव वंशावळीत नाही. घरी येऊन मी आमचीही वंशावळ लिहायला घेतली. पणजोबांपाशी थांबलो. पणजीचं नाव सांगणारं आता आमच्या घरात कुणी नाही.

तुमच्या घरात अशी आत्या असेल, तर आजच वही घेऊन तिच्याजवळ बसा.