रिपोर्ट नॉर्मल आला, मग त्रास का होतोय?

(प्रभाग संघाच्या मासिक सभेत केलेलं भाषण)



बचतीचा आणि कर्जफेडीचा विषय झाला. आता दहा मिनिटं आपल्या तब्येतीवर बोलू.

गावोगावी बैठकांना गेले की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "मॅडम, थायरॉईडची टेस्ट केली, नॉर्मल आली. तरी अंगात त्राणच नाही." केस गळतात, वजन वाढतं, थंडी सोसत नाही, पाळी मागेपुढे होते. पण रिपोर्ट नॉर्मल म्हटल्यावर घरातले म्हणतात, "तुला काही झालेलं नाही, कामाचा कंटाळा आहे." हळूहळू तिलाही तेच खरं वाटू लागतं.

ताईंनो, गटाचा हिशेब पैशापैशाला जुळला म्हणजे गटात कुणाची तक्रारच नाही, असं असतं का? रिपोर्टचंही तसंच आहे. जेवढं तपासलं तेवढ्याचंच उत्तर तो देतो.

बहुतेक वेळा आधी टीएसएच तपासतात. मेंदूजवळची एक छोटी ग्रंथी टीएसएच पाठवून गळ्यातल्या थायरॉईडला कामाला लावते. थायरॉईड मंदावला की ती जास्त जोर लावते, म्हणून टीएसएच वाढतो. नॉर्मलचा आकडा साधारण ०.४ ते ४ च्या आसपास असतो. लॅबप्रमाणे तो थोडा बदलतो आणि गरोदरपणात वेगळा असतो. तो नॉर्मल असेल तर बहुतेक वेळा थायरॉईड खरंच ठीक असतो. पण त्रास खोटा ठरत नाही. म्हणून डॉक्टरांना तीन प्रश्न विचारा.

१. फक्त टीएसएच तपासला की टी-४ पण? क्वचित टीएसएच नॉर्मल दिसतो आणि टी-४ कमी असतो.

२. आकडा काठावर असेल, तर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचा का?

३. थायरॉईड नाही, तर मग काय? हा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न.

२०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून जास्त बायकांना रक्तक्षय आढळला. थकवा, केस गळणं, थंडी वाजणं हे त्यातही होतं. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर ते कमीच. याशिवाय बी-१२ ची कमतरता, साखर, पाळी जायचं वय, अपुरी झोप, मनावरचा ताण हीही कारणं असू शकतात. मन सतत उदास असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर मोफत बोलता येतं.

एक ताई नॉर्मल रिपोर्टनंतर जावेची थायरॉईडची गोळी अर्धी करून घेत होत्या. छाती धडधडायला लागली, झोप उडाली. तपासलं तर हिमोग्लोबिन ८. पाळीत रक्त खूप जात होतं, पण डॉक्टर पुरुष आणि सोबत दीर, म्हणून त्या बोलल्याच नव्हत्या. गरज नसताना घेतलेल्या या गोळीने हृदयावर ताण येतो, हाडं ठिसूळ होतात. दुसरीची गोळी घेऊ नका. आणि ज्यांना डॉक्टरांनी दिली आहे, त्यांनी बरं वाटलं म्हणून मनाने बंद करू नका.

मग काय करायचं? एका वहीत लिहा: त्रास कधीपासून, पाळी किती दिवस, रक्त किती जातं, कोणत्या गोळ्या चालू आहेत. जुने रिपोर्ट जपून ठेवा. हिमोग्लोबिन उपकेंद्रात किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासून घ्या, आशाताई मदत करतील. दवाखान्यात जाताना गटातली एक मैत्रीण सोबत न्या, म्हणजे मोकळेपणी बोलता येईल. गळ्याला गाठ जाणवली, गिळताना अडलं किंवा धाप लागली, तर रिपोर्ट काहीही असो, थांबू नका.

कर्जाचा हप्ता चुकला तर आपण सगळ्या मिळून तिच्या घरी जातो ना? तशीच एखादी ताई लागोपाठ दोन बैठका गप्प, थकलेली दिसली, तर तिच्याही घरी जा. आळशी म्हणू नका. "काय होतंय गं?" एवढं विचारा.