ज्वारी, ताट आणि न्याय

अन्नसंस्कृती, आरोग्य, पर्यावरण आणि न्याय हे विषय विद्यापीठांतून निरनिराळ्या दालनांत शिकविले जात असले, तरी गंगाखेड तालुक्यातील राणीसावरगावासारख्या गावी एकट्या ज्वारीचा मागोवा घेऊ लागले, की ते चारही एकाच ताटात वाढलेले आढळतात. या मागोव्यातून मला जे उमगले, ते आज आपल्यापुढे थोडक्यात मांडावे असा मानस आहे.

ज्वारीच्या प्रथिनांत लायसिन नामक घटक उणा असतो, तर तूर, मूग, हरभरा यांत तो विपुल असतो. म्हणून भाकरीसोबत वरण खाण्याचा परिपाठ केवळ रुचीचा नसून पोषणाचाही आहे. पानातली ही जोडी आपल्या शिवारातही होती, कारण ज्वारीत तुरीचे तास धरण्याची रीत जमिनीचा कस राखीत असे आणि एक पीक बुडाले तर दुसरे हाती लागे. रब्बीची ज्वारी काळ्या रानात मुरलेल्या ओलीवर पोसते, दाणा माणसांना आणि कडबा जनावरांना पुरविते. पुढे सोयाबीन आले, त्याने रोख पैसा दिला आणि तो शेतकऱ्याला हवाच होता. परंतु ते तेलगिरणीकडे जाते, घरच्या ताटात येत नाही. 1972 च्या दुष्काळात परदेशातून आलेली तांबडी मिलो ज्वारी ज्यांनी खाल्ली, त्यांना घरच्या कणगीचे मोल निराळे सांगावयास नको.

तथापि भाकरीची थोरवी गाणाऱ्याने तिच्यामागील श्रमांचा हिशेबही दप्तरी नोंदवावा. ज्वारीची काढणी करणारे, दोन वेळा चुलीपुढे बसून भाकऱ्या थापणारे आणि सर्वांच्या मागून उरलेसुरले जेवणारे हात बहुतांशी स्त्रियांचेच असतात. 2019–21 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातील 15 ते 49 वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय असल्याचे आढळले. घरात धान्य असूनही ते कोणाच्या वाट्याला किती येते, हा प्रश्न केवळ आहारशास्त्राचा राहत नाही, तो न्यायाचा होतो.

तेव्हा माझी विनंती अशी, की शेताचा निदान एखादा तुकडा घरच्या खाण्यासाठी ज्वारी-तुरीला राखावा. परभणीच्या कृषी विद्यापीठाने इक्रिसॅट या संस्थेच्या सहकार्याने 2018 मध्ये प्रसारित केलेल्या ‘परभणी शक्ती’ या वाणात लोह व जस्त अधिक आहे, त्याची चौकशी करावी. भाकरीसोबत अंबाडीची किंवा करडईची भाजी, जवसाची चटणी आणि लिंबाची फोड घ्यावी, कारण लिंबामुळे अन्नातील लोह अंगी लागते; चहा मात्र जेवणाला लागून घेऊ नये, तो लोह शोषले जाण्यास अडथळा करतो. रक्तक्षयाची शंका असल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रात तपासणी करून घ्यावी, निव्वळ आहारावर विसंबू नये.

ऊसतोडीस परमुलखी जाणाऱ्या कुटुंबांनी ध्यानात ठेवावे, की ‘एक देश, एक शिधापत्रिका’ व्यवस्थेनुसार आपल्या हक्काचे धान्य दुसऱ्या गावच्या रास्त भाव दुकानातूनही उचलता येते. 2013 च्या अन्नसुरक्षा कायद्यात गहू-तांदळासोबत भरड धान्याचाही समावेश आहे. म्हणून शिधावाटपात ज्वारी मिळावी असा ठराव ग्रामसभेत मांडण्यास संकोच करू नये.

यांपैकी काही गोष्टींना पाऊस लागेल, काहींना पैसा, तर काहींना सरकारचा हुकूम. परंतु घरातील सर्वांनी एकाच पंगतीस बसावे आणि भाकऱ्या थापण्याचे काम पुरुषांनीही शिकून घ्यावे, यासाठी कोणाच्याही मंजुरीची वाट पाहण्याचे कारण नाही.