सौरबंब, सरकारी सवलत आणि आपली सामाईक गच्ची
(सोसायटीच्या रौप्यमहोत्सवी कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



सेक्रेटरींनी मला दोन अटी घातल्या आहेत. भाषण पंधरा मिनिटांत संपवायचं आणि जुन्या आठवणी सांगायच्या नाहीत. दोन्ही पाळतो. विषयही त्यांनीच दिला: "काका, सोलर गरम पाण्याला सरकारकडून काय मिळतं, ते एकदा सगळ्यांना नीट सांगा." पुढच्या सर्वसाधारण सभेत गच्चीचा विषय येणारच आहे. तेव्हा आवाज चढण्याआधी आकडे समजून घेतलेले बरे.

आधी 'काय मिळतं' ते सांगतो. सौरबंबाच्या बाबतीत सरकारने निरनिराळ्या काळात निरनिराळे मार्ग वापरले. मी बँकेत होतो तेव्हा, म्हणजे २००५ नंतरच्या काळात, व्याजात सवलत होती. घरगुती ग्राहकाला सौरबंबासाठी २ टक्के व्याजाने कर्ज, संस्थांना ३ टक्के आणि घसाऱ्याचा फायदा घेणाऱ्या उद्योगांना ५ टक्के. वरच्या व्याजाचा फरक केंद्र सरकार सोसायचं. पुढे २०१० मध्ये राष्ट्रीय सौर अभियान आलं. त्यात किमतीच्या साधारण ३० टक्के अनुदान किंवा ५ टक्क्यांनी कर्ज अशी सोय झाली. २०१४ मध्ये आपल्यासारख्या राज्यांसाठी सौरबंबाचं अनुदान बंद झालं.

आता आपण टीव्हीवर जी जाहिरात बघतो ती पंतप्रधान सूर्यघर योजना फेब्रुवारी २०२४ मध्ये सुरू झाली. तिचं अनुदान आहे वीज तयार करणाऱ्या पॅनेलला, गरम पाण्याला नाही. स्वतंत्र घराला तीन किलोवॅट किंवा त्याहून जास्त बसवल्यास ७८ हजार रुपयांपर्यंत आणि आपल्यासारख्या सोसायटीला लिफ्ट, पंप, जिन्यातले दिवे अशा सामाईक वापरासाठी किलोवॅटमागे १८ हजार. हा फरक पक्का लक्षात ठेवा. उद्या कोणी विक्रेता दारात येऊन "सूर्यघरमधून बंबाचे पैसे मिळतील" म्हणाला, तर त्याला पाणी द्या, सही देऊ नका.

महापालिकांचा मार्ग वेगळा. पुण्यात सौर यंत्रणा बसवणाऱ्याला मालमत्ता करात सूट मिळते. ठाणे महापालिकेनेही सौरबंबासाठी करात सूट देऊ केली. आपल्या कल्याण-डोंबिवलीत मात्र सवलतीपेक्षा सक्ती जास्त गाजली. २००७ पासून महापालिकेने नव्या इमारतींना सौर गरम पाण्याची यंत्रणा बंधनकारक केली. आपली इमारत त्याआधीची, म्हणून आपल्याकडे ती नाही. आजूबाजूच्या नव्या इमारतींच्या गच्चीवर ज्या टाक्या दिसतात, त्या त्या सक्तीतून आल्या. पण बिल्डरने नियमासाठी बसवलेला बंब रहिवाशांनी चालू ठेवलाच पाहिजे, असं थोडंच आहे? सक्ती भोगवटा दाखल्यापर्यंत चालते. त्यापुढे यंत्र चालतं ते कोणाला तरी त्याचा रोज फायदा होत असेल तरच.

आता मुख्य हिशेब. १०० लिटर पाणी २५ अंशांवरून ६० अंशांवर न्यायला साधारण चार युनिट वीज लागते. हे शाळेतलं भौतिकशास्त्र आहे, त्यात वाद नाही. विक्रेते इथूनच सुरुवात करतात: चार युनिट गुणिले तीनशे दिवस, दोन-तीन वर्षांत पैसे वसूल! पण बचत ही बंब किती पाणी तापवू शकतो त्यावर ठरत नाही. आपण आज तापवण्यावर किती खर्च करतो, त्यावर ठरते. जे खर्चच करत नाही, ते वाचणार कुठून?

दोन घरं घेऊ. पहिल्या घरात आजी-आजोबा दोघेच. तीन किलोवॅटचा इन्स्टंट गीझर दिवसाला अर्धा तास, म्हणजे दीड युनिट. दुसऱ्या घरात सहा माणसं, गीझर एक तास, म्हणजे तीन युनिट. आपल्याकडे पावसाळ्याचे चार महिने सूर्य रजेवर असतो. म्हणून वर्षाचे २४० दिवस धरू. युनिट सोयीसाठी दहा रुपये धरू. तुम्ही आपापल्या बिलावरून बदलून घ्या. पहिल्या घराची बचत वर्षाला ३,६०० रुपये, दुसऱ्याची ७,२००. खर्च पाइपांसकट दर घरामागे २५ हजार धरू.

हे २५ हजार १० टक्के व्याजाने कर्जाऊ घेतले, तर पहिल्या वर्षाचं व्याजच अडीच हजार. आजी-आजोबांच्या ३,६०० बचतीतून मुद्दलाकडे जेमतेम अकराशे जातात. असं कर्ज फिटायला बारा वर्षांहून जास्त लागतात. तेच कर्ज २ टक्क्यांनी असेल तर साडेसात वर्षांत फिटतं. बघा, यंत्र तेच, सूर्य तोच, फक्त व्याजाने पाच वर्षांचा फरक पाडला. त्या काळी सरकारने व्याजातच सवलत का दिली, त्याचं उत्तर या आकड्यात आहे. ज्या वस्तूचा सगळा खर्च पहिल्याच दिवशी करायचा आणि फायदा थोडा थोडा पंधरा वर्षं घ्यायचा, तिचा खरा शत्रू व्याज. सहा माणसांच्या घराला मात्र १० टक्केही जड नाहीत. त्यांचं कर्ज साडेचार-पाच वर्षांत फिटतं.

स्वतःच्या ठेवीतून पैसे घातले तर? २५ हजार ७ टक्क्यांनी ठेवले आणि मुद्दल-व्याज मिळून पंधरा वर्षांत काढून संपवले, तर वर्षाला सुमारे २,७४५ रुपये हाती येतात. बचत ३,६०० ची. देखभालीचे पाचशे वजा केले तरी बंब थोडा सरस ठरतो. म्हणजे लहान कुटुंबाने बंब घ्यावा तर घरच्या पैशाने, कर्जाने नको.

एक बारीक गोष्ट अजून. महावितरणचं घरगुती बिल टप्प्यांनी वाढतं: शंभर युनिटपर्यंत, मग तीनशे, मग पाचशे. वाचलेलं युनिट नेहमी वरच्या टप्प्यातून, म्हणजे महाग दरातून कमी होतं. महिन्याला ३३० युनिट वापरणाऱ्या घराने ९० वाचवले, तर त्यातले ३० तिसऱ्या टप्प्यातले असतात. म्हणून बचत मोजताना बिलाची सरासरी काढू नका, वरचा दर बघा.

आता सोसायटीचा खरा प्रश्न. स्वतःच्या बंगल्यात खर्च करणारा आणि फायदा घेणारा एकच. आपल्याकडे गच्ची सगळ्यांची, खर्च सगळ्यांचा, पण बचत ज्याच्या त्याच्या बिलात. सगळ्यांकडून सारखे पैसे घेतले, तर आजी-आजोबा सहा जणांच्या आंघोळीला हातभार लावणार. भाड्याने दिलेल्या घराचा मालक म्हणणार, पैसे मी भरू आणि बिल भाडेकरूचं कमी? त्यात तळमजल्याला गरम पाणी पोहोचेपर्यंत एक बादली थंड वाहून जाते, ती वेगळीच. हे रुसवेफुगवे स्वभावाचे नाहीत, हिशेबाचे आहेत. म्हणून हिशेबानेच मिटतील.

माझ्या सूचना अशा.

पहिली, गच्चीची वाटणी. वीज तयार करणारी पॅनेल सोसायटीच्या सामाईक मीटरसाठी घ्यावीत. लिफ्ट-पंपाचं बिल कमी झालं की मेंटेनन्समध्ये प्रत्येकाचा फायदा होतो, अनुदानही आज तिथेच आहे. एक किलोवॅटला साधारण शंभर चौरस फूट लागतात. उरलेल्या जागेत सौरबंब, १०० लिटरला सुमारे दोन चौरस मीटरची तापपट्टी. शेजारच्या टॉवरची सावली कुठवर येते, ते जानेवारीत खडूने आखून ठेवा.

दुसरी, बंब ऐच्छिक असावा. ज्यांना हवा त्यांनीच खर्च वाटून घ्यावा. नंतर येणाऱ्यासाठी पाइपात जोड ठेवावा आणि त्याने आपला वाटा भरून यावं. सिंकिंग फंडाला हात नको. तो इमारतीच्या म्हातारपणासाठी आहे.

तिसरी, छतावरच्या टाकीत विजेचा हीटर बसवू नका. ढगाळ दिवशी तो सामाईक मीटरवर दिवसभर चालेल आणि वाचलेलं सगळं तिथेच जाईल. पावसाळ्यात ज्याने त्याने आपला गीझर वापरावा. पाइपांना उष्णतारोधक आवरण हवंच. टँकरचं किंवा बोअरचं जड पाणी बंबात सोडू नका, क्षार साचून नळ्या बुजतात.

चौथी सूचना सगळ्यांत नाजूक. पंचवीस वर्षं झाली की पुनर्विकासाची कुजबुज सुरू होते, आपल्याकडेही झाली आहे. पाच वर्षांत इमारत पाडायची असेल, तर साडेसात वर्षांत वसूल होणारं यंत्र बसवण्यात अर्थ नाही. तेव्हा आधी पुनर्विकासाबद्दल सभेने मन पक्कं करावं, मग गच्चीबद्दल. उलट क्रमाने गेलो तर दोन्ही अर्धवट राहतील.

मंडळी, सरकारी सवलत येते आणि जाते. तिची वाट बघत बसलं तर केस पिकतात, माझे बघा. आपल्या हातातली सवलत एकच: जो पैसे भरेल त्याला फायदा मिळेल, अशी चोख व्यवस्था. ती असेल तर अनुदानाशिवायही पाणी तापेल. ती नसेल तर शंभर टक्के अनुदान मिळूनही बंब गच्चीवर गंजत पडेल.

पंचवीस वर्षं आपण पाण्याच्या वेळेवरून, पार्किंगवरून आणि गणपतीच्या वर्गणीवरून भांडलो आणि तरीही प्रत्येक वर्षी एकत्र जेवलो. गच्चीचंही तसंच होईल, याची मला खात्री आहे. सभेला येताना प्रत्येकाने मागच्या बारा महिन्यांची विजेची बिलं घेऊन यावं, एवढीच विनंती. आकडेमोडीला मी बसतो, चहाचं सेक्रेटरींनी बघावं.