सिरिंज पंपाचा अचूकपणा

अतिदक्षता विभागात रुग्णाच्या उशाशी सिरिंज पंप असतो. त्यातली मोटर स्क्रू फिरवते आणि स्क्रू सिरिंजचा दट्ट्या पुढे ढकलतो. ५० मिलिलीटरच्या सिरिंजमधून तासाला १ मिलिलीटर औषध द्यायचं, तर दट्ट्या तासाभरात जेमतेम दीड-पावणेदोन मिलिमीटर सरकतो. एवढ्या संथ चालीत दट्ट्याचं रबर चिकटतं, मग एकदम सुटतं. औषध सलग न जाता टप्प्याटप्प्यानं जातं. तेच औषध १० मिलिलीटरच्या सिरिंजमध्ये भरलं, तर दट्ट्या साधारण तिप्पट सरकतो आणि प्रवाह अधिक एकसारखा राहतो. नवजात बाळांसाठी म्हणूनच लहान सिरिंज बरी.

सिरिंज नुकतीच बसवल्यावर सुरुवातीचा वेळ स्क्रूतली ढिलाई भरून काढण्यातच जातो. पडद्यावर आकडा दिसतो, औषध मात्र पोहोचलेलं नसतं. रक्तदाब टिकवणाऱ्या नॉरअ‍ॅड्रेनलिनचा परिणाम मिनिटांत ओसरतो, तिथे हा उशीर फार महाग पडतो. यावर उपाय आहे: नळी रुग्णाला जोडण्याआधी पंपाच्याच बटणानं ती औषधानं भरून घ्यायची.

पंप औषध मोजत नाही, दट्ट्याचं सरकणं मोजतो. त्यामुळे सिरिंजचा ब्रँड चुकीचा निवडला की आतल्या व्यासाच्या फरकानं मात्राच बदलते. चालू पंप वर उचलला, तर औषधाचा छोटा लोंढा आत जातो. खाली आणला, तर प्रवाह काही काळ थांबतो. नळी दुमडली असेल, तर आत दाब साठतो. ती तशीच सरळ केली, तर अडकलेलं औषध एकदम शिरतं, म्हणून आधी दाब कमी करतात, मगच नळी मोकळी करतात.