पवईची वाट

मागे माझा एक जुना विद्यार्थी भेटायला आला. एम. एस्‌सी., पहिला वर्ग, घरी कांद्याची शेती. म्हणाला, "सर, पवईच्या आय. आय. टी.त आपल्याला कोण विचारतो? वशिला लागत असेल." अर्ज मात्र त्यानं एकही केला नव्हता!

१९५८ साली स्थापन झालेल्या या संस्थेत प्राध्यापक व्हायचं तर पीएच. डी. हवी. ते तूर्त बाजूला ठेवू. पण तिथं संशोधनाचे प्रकल्प चालतात, त्यांवर माणसं लागतात आणि त्यांच्या जाहिराती संस्थेच्या संकेतस्थळावर येत असतात. गेट किंवा नेट उत्तीर्ण असाल तर कनिष्ठ संशोधकाची वाट मोकळी होते. केंद्र सरकारनं २०२३ पासून ही छात्रवृत्ती दरमहा ३७,००० रुपये केली आहे. मात्र प्रकल्प संपला की नोकरीही संपते. तिच्या भरवशावर सोसायटीचं मोठं कर्ज उचलू नका. तेवढ्या मुदतीत पीएच. डी.च्या प्रवेशाची तयारी करा.

आणि खेड्यातलं असणं तिथं उणं नव्हे. ग्रामीण भागाला सोयीच्या तंत्रज्ञानाचा अभ्यास करणारं केंद्र तिथं १९८५ पासून आहे. उन्हाळ्यात विहिरीचं पाणी किती खाली जातं, हे ज्यानं दोर सोडून मोजलंय, त्यानं ते अर्जात लिहायला का लाजावं?

त्या मुलाला मी समोर बसवून अर्ज लिहायला लावला. अनुभवाच्या रकान्याशी तो थांबला. म्हटलं, "चाळीत किती कांदा सडतो, याची दोन वर्षं वही ठेवतोयस ना? लिही तेच."