मोडीतील धातू आणि आपली मुले

(संस्थेच्या वार्षिक पालक मेळाव्यात केलेले भाषण)



पालक मेळाव्यात शिक्षकाने उभे राहावे आणि अभ्यास, शिस्त व निकाल यांविषयी चार शब्द सांगावेत, अशी आपल्याकडे प्रथा आहे. मी आज भंगाराविषयी बोलणार आहे. कार्यक्रमपत्रिकेत 'जुन्या घरगुती उपकरणांतील धातू' असा सभ्य विषय छापला आहे. परंतु आपण सारे ज्याला भंगार म्हणतो तेच ते. या सभागृहात बसलेल्या अनेक पालकांची चूल याच धंद्यावर पेटते. माझे बी. ए., बी. एड. देखील याच धंद्यावर झाले. माझ्या वडिलांचे भंगाराचे दुकान होते. शाळेच्या अर्जावर 'पालकाचा व्यवसाय' या रकान्यात मी मात्र 'व्यापार' असे लिहीत असे. ते खोटे नव्हते, पण सरळही नव्हते. आज वर्गशिक्षक म्हणून तेच अर्ज माझ्या हाती येतात, आणि 'व्यापार' हा शब्द दिसला की मी त्या मुलाच्या हातांकडे पाहतो.

हे पाहणे मी उशिरा शिकलो. दोन वर्षांपूर्वी आठवीच्या वर्गात एका मुलाला नखे काळी म्हणून मी सर्वांदेखत उभे केले व हात धुऊन यावयास सांगितले. तो तीन वेळा जाऊन आला, तरी काळेपणा जाईना. वर्ग हसला. जळलेल्या वायरची काजळी साबणाने निघत नाही हे दुसऱ्या कोणास नसले तरी मला ठाऊक असावयास हवे होते. त्या सायंकाळी मी त्याच्या घरी गेलो. दुकानामागे पत्र्याचा एक अर्धा ड्रम होता. त्यात मिक्सर, वॉशिंग मशीन व पंख्यांच्या वायरींचे भेंडोळे जळत होते आणि मुलगा काठीने ते परतत होता. त्याच्या वडिलांनी मला खुर्ची दिली, चहा मागविला आणि मोकळेपणाने सांगितले, "सर, सोलत बसलो तर दिवस जातो. जाळली की दहा मिनिटांत तांबं हातात. पोरगा शाळेतून आल्यावर एवढंच करतो, खेळायला जातोच ना."

त्यांना देण्यासारखे शिक्षकाचे उत्तर माझ्यापाशी होते; भंगारवाल्याच्या मुलाचे उत्तर नव्हते. ते शोधण्यास मला काही महिने लागले. जे हाती आले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

आपल्या मराठीत 'मोडीत काढणे' असा शब्दप्रयोग आहे. फुटका तांब्या, चेपलेली परात, तळ गेलेली घागर कासाराकडे मोडीत द्यावयाची आणि वजनाच्या हिशेबाने नवे भांडे घ्यावयाचे, ही घरोघरची रीत होती. भांडे मोडते, धातू मोडत नाही, हे आपल्या आज्यांना कोणी शिकविले नव्हते. परंतु त्या मोडीला केवळ तराजू पुरत असे, कारण परात म्हणजे पितळ आणि घागर म्हणजे तांबे, संपले. आजच्या फ्रिजमध्ये लोखंड, तांबे, ॲल्युमिनियम, प्लॅस्टिक, तेल आणि वायू अशी सहा-सात जणांची बिऱ्हाडे एका छपराखाली असतात. त्यांना वेगळे करावयाचे तर तराजूबरोबर थोडे शास्त्रही लागते. ते शास्त्र आपल्या शाळेच्या पुस्तकात आहे, आणि ते ज्यांना सर्वांत अधिक उपयोगी पडावे त्यांच्यापर्यंत तेवढेच पोहोचलेले नाही.

प्रथम सोपी उपकरणे घेऊ. छताच्या पंख्याची पाती बहुधा ॲल्युमिनियमची. ज्याची भांडी आपण 'जर्मनची' म्हणतो तोच हा धातू. मोटरीत लोखंडी पातळ पत्र्यांची चळत व तिच्यावर तांब्याचे वेटोळे. जुन्या गिझरची टाकी तांब्याची असे, म्हणून जुना गिझर दुकानात आला की माझे वडील तो स्वतः उघडीत. नव्या गिझरांच्या टाक्या बहुधा आतून काचेचा लेप दिलेल्या पोलादी असतात. साध्या इस्त्रीत तळाला ॲल्युमिनियम, वर दाबासाठी लोखंडी जड पट्टी आणि मध्ये अभ्रकावर गुंडाळलेली नायक्रोमची तार. यात कोठेही विस्तवाचे काम नाही. पेचकस, पाना, पक्कड, छन्नी आणि लोहचुंबक एवढ्यावर भागते. चुंबकाला चिकटले ते लोखंड. न चिकटले तर कानशीने ओरखडा काढून पाहावे. हा ओरखडा फार महत्त्वाचा. अलीकडे पुष्कळ मोटरींत तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची तार गुंडाळलेली असते. तिच्यावरील वार्निश तांबूस असल्याने तांब्याचा भास होतो, पण ओरखडल्यावर आतून पांढरी निघते. तांब्याच्या भावाने घेतलेला माल ॲल्युमिनियमचा निघाला, असे या सभागृहातील काहींचे झाले असेल. हात वर करावयास मी सांगत नाही.

आता वायर. शाळेच्या प्रयोगशाळेतील तराजू घेऊन मी आठवीच्या मुलांना एक उदाहरण घातले. वायरच्या आतील तांब्याचा छेद १ चौरस मिलीमीटर असेल, तर १ मीटर लांबीचे घनफळ होते १ घन सेंटिमीटर. तांब्याची घनता ८.९६. म्हणजे अशा १०० मीटर वायरमध्ये सुमारे ८९६ ग्रॅम तांबे असलेच पाहिजे. तीच तार ॲल्युमिनियमची असेल तर केवळ २७० ग्रॅम. मग मुलांनी घरून वायरींचे मीटर-मीटरचे तुकडे आणले, आधी वजन केले, सोलून पुन्हा वजन केले आणि शेकडेवारी काढली. घराच्या भिंतीत असते तशा एकेरी वायरमध्ये तांबे निम्म्याहून बरेच अधिक भरले. मिक्सरच्या तीन पदरी लवचिक वायरमध्ये, जिला आतून-बाहेरून आवरण असते, ते निम्म्याहूनही कमी. ज्याला मी हात धुवावयास पाठविले होते, त्याने सोलण्याआधीच केवळ हातात धरून अंदाज सांगितला. तो बराचसा जुळला. त्या दिवशी वर्ग हसला नाही.

या हिशेबाचा उपयोग असा की सोललेल्या, लखलखीत तांब्याला जो भाव मिळतो तो जळलेल्या तांब्याला मिळत नाही. आगीत तांब्याची काळी पापडी होते, बारीक तार ठिसूळ होऊन राखेत जाते, आणि व्यापारी त्या राखेची वजावट आपल्याच मनाने करतो. म्हणजे दहा मिनिटे वाचविण्यासाठी आपण मालाची प्रत घालवितो. जाड वायर टेबलाला बसविण्याच्या हाताने फिरवायच्या यंत्रावर सोलावी. अगदी बारीक वायर हाताने सोलणे परवडत नाही हे मला मान्य आहे. ती आवरणासकट विकावी. तिचे तुकडे करून तांबे व प्लॅस्टिक वेगळे करणारी यंत्रे मोठ्या कारखान्यांकडे असतात. मात्र विकताना त्यात शेकडा किती तांबे आहे हे आपणास ठाऊक असावे.

आणि धुराविषयी. वायरचे आवरण बहुधा पी. व्ही. सी. असते. ते जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो; डोळ्यांच्या व नाकाच्या ओलाव्यात मिसळून त्याचे आम्ल होते, म्हणून डोळे झोंबतात. झोंबते ते निदान समजते. त्याच धुरात डायॉक्सिन नावाची जी विषे तयार होतात ती झोंबत नाहीत, आणि ती तयार होण्यास खुद्द तांबेच हातभार लावते. अनेक जुन्या वायरींच्या आवरणात शिशाची संयुगे मिसळलेली असत. ती राखेत उतरतात. शिसे मुलांच्या मेंदूच्या वाढीवर परिणाम करते, आणि शरीरातील शिशाची कोणतीही पातळी सुरक्षित म्हणून ज्ञात नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते. 'पोराचं अभ्यासात लक्ष लागत नाही' म्हणून आपण माझ्याकडे तक्रार घेऊन येता. त्याचे कारण दर वेळी ड्रमात असते असे मी म्हणणार नाही. परंतु हल्ली मी ते विचारतो.

फ्रिज. यातील मौल्यवान वस्तू म्हणजे मागचा काळा गोळा, कॉम्प्रेसर. जाड पोलादी कवचात तांब्याचे वेटोळे व तेल असते. तो काढण्यासाठी मुले नळी सरळ छाटतात आणि फुस्स आवाज झाला की हसतात. तो वायू कोणता हे कॉम्प्रेसरच्या पट्टीवर लिहिलेले असते. जुन्या फ्रिजमध्ये आर-१२ असे. ओझोनचा थर खाणारा म्हणून १९८७ च्या माँट्रियल करारानुसार तो जगभर बंद करण्याचे ठरले आणि भारतात या वर्गातील वायूंचे उत्पादन २००८ मध्ये थांबले. पण त्यावर चाललेले एखादे जुने धूड अजूनही आपल्या दारात येते. त्यानंतरचा आर-१३४ए ओझोनला अपाय करीत नाही, तथापि तापमानवाढीच्या बाबतीत तो कार्बन डायऑक्साइडच्या हजारपटीहून भारी आहे. नव्या फ्रिजमध्ये आर-६००ए असतो. हा म्हणजे आयसोब्युटेन, आपल्या स्वयंपाकाच्या गॅसचा सख्खा भाऊ. पट्टीवर हे नाव दिसले की गॅसकटर दूर ठेवावा. वायू काढून साठविण्याचे यंत्र फ्रिज दुरुस्त करणाऱ्या काही कारागिरांकडे असते. ते मिळत नसेल तर फ्रिज अखंडच पुढे द्यावा. आणखी एक गोष्ट, जी धातूची नव्हे: अंगणात फ्रिज उभा करून ठेवावयाचा तर त्याचे दार आधी काढून टाकावे. लपंडाव खेळताना मूल आत शिरते आणि दार बाहेरून बसते.

जुन्या फुगीर टी. व्ही. ची गोष्ट याहून वाईट. तांबे असते ते नळीच्या मानेवरील वेटोळ्यात. ते काढण्याच्या घाईत मान फोडली जाते. नळी हवा काढून घेतलेली असल्याने काच आतल्या बाजूस फुटून उसळते. मागच्या नरसाळ्यासारख्या भागाच्या काचेत शिसे भरपूर असते. मोठ्या नळीत एक-दोन किलोपर्यंत. मूठभर तांबे घेऊन ती काच आपण गटारात टाकतो. माझे स्पष्ट मत असे की हा टी. व्ही. आपण फोडूच नये. मायक्रोवेव्हचेही तेच: प्लग काढल्यानंतरही त्याच्या कपॅसिटरमध्ये जीव घेण्याइतका विजेचा साठा राहू शकतो.

सर्किटच्या हिरव्या पट्ट्यांतून आम्लाने सोने काढण्याची गोष्टही हल्ली मुलांच्या तोंडी ऐकू येते. पितळेच्या कामासाठी ज्याचे नाव देशभर आहे त्या मुरादाबादेत अशा पट्ट्या जाळून व धुऊन धातू काढण्याचे काम घराघरांत शिरले आणि त्याची राख रामगंगेच्या काठी पडली. तेथील कारागीर आपल्याहून कमी कुशल नव्हते. असो.

कायदा काय म्हणतो? ई-कचऱ्याचे पहिले वेगळे नियम २०११ चे, नंतर २०१६ चे, आणि सध्याचे २०२२ चे. ते १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. त्यांच्या यादीत १०६ प्रकारची उपकरणे आहेत. अशी उपकरणे नोंदणीकृत पुनर्प्रक्रिया करणाऱ्याकडे जावीत असा दंडक आहे. कागदावर हे सोपे दिसते. वजनकाट्यावर तसे नाही. अखंड फ्रिजला मिळणारा दर आणि सुट्या भागांचा एकूण दर यांतील अंतरावरच आपले लहान दुकान जगते, हे नियम करणाऱ्यांनी फारसे ध्यानात घेतलेले दिसत नाही. परंतु याच नियमांत उपकरणे सुटी करणाऱ्या कामगारांची नोंद, त्यांचे गट आणि कौशल्य-प्रशिक्षण यांची जबाबदारी राज्य शासनावर टाकली आहे. हे आपल्या हक्काचे आहे, आणि ते मागण्यासाठी अर्ज लिहावा लागतो. अर्ज लिहिणारी माणसे या संस्थेने तयार केली आहेत. १८ वर्षांखालील मुलास धोक्याच्या कामाला लावण्यास कायद्याची मनाई आहे, हेही त्याच दमात सांगतो. घरचे दुकान आहे म्हणून धोक्याच्या कामाला ती सूट मिळत नाही.

भगिनींना एक विनंती. मोटरी फोडणे, वायर सोलणे ही कामे अनेक घरांत स्वयंपाकाच्या जागेशेजारी, रांगते मूल जवळ असताना चालतात. जागा वेगळी असावी, निदान कपडे व हातपुसणे वेगळे असावे, आणि हात धुतल्याशिवाय भाकरीला हात लागू नये. एवढे तरी उद्यापासून होण्यासारखे आहे.

आपण विचाराल, त्या मुलाचे पुढे काय झाले. तो आता दहावीत आहे. त्याच्या वडिलांनी सोलण्याचे यंत्र घेतले; जाड वायर त्यावर होते, बारीक ते तशीच विकतात. ड्रम अजून दुकानामागेच आहे. त्यात आता पाणी भरून ठेवतो, असे मुलगा म्हणतो. मी पाहावयास गेलेलो नाही. यंदाच्या अर्जावर त्याने व्यवसायाच्या रकान्यात 'भंगार खरेदी-विक्री' असे स्वच्छ अक्षरांत लिहिले आहे.

मुख्याध्यापकांच्या परवानगीने प्रयोगशाळेतील तराजू दर शनिवारी शाळा सुटल्यानंतर एक तास पालकांसाठी खुला राहील. ज्यांना आपल्या मालातील तांब्याचे प्रमाण पाहावयाचे असेल त्यांनी वायरचा पूर्ण एक मीटर लांबीचा तुकडा आणावा, दोन्ही टोके सरळ कापलेली असावीत, आणि ती जळालेली नसावी.